सिनेमा टाइमपास, मग व्हिडिओ काय?

प्रश्न: परीक्षा जवळ आली म्हणून घरच्यांसोबत सिनेमा बघायचा नाही, असा फतवा निघालाय. मला नाही पटत. ‘इनसाइड आउट’ (2015) आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. त्यात ती मुलगी झोपली की दिवसभरातल्या आठवणी कायमच्या साठ्यात जातात. ते बघून मी मेंदूचा धडा आपणहून उघडला, तोही रविवारी! उलट अभ्यासाचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघते, सगळं समजल्यासारखं वाटतं आणि कोरा कागद समोर आला की काहीच सुचत नाही. मग वेळ वाया घालवणं नेमकं कशाला म्हणायचं?

उत्तर 1: समजणं वेगळं, आठवणं वेगळं. व्हिडिओ मध्येच थांबव आणि न बघता लिहून काढ. अंकीसारखं (Anki) फ्लॅशकार्डचं, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेल्या कार्डांचं अ‍ॅप वापर, संगणकावर फुकट आहे. चुकलेलं कार्ड लवकर परत येतं, जमलेलं लांबत जातं. आपण किती झपाट्याने विसरतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच मोजून मांडलंय.

उत्तर 2: सिनेमाला अभ्यासाचं निमित्त कशाला चिकटवतेस? सगळे मिळून हसलात, पुरे झालं. झोपेत आठवणी पक्क्या होतात हे मात्र खरं, तेव्हा रात्री उशिराचा सिनेमा नको. आणि सिनेमात आठवणींचे दाखवलेत तसे रंगीत गोळे मेंदूत नसतात बरं का!

प्रश्नकर्ती: माहितीये हो काका! पण दुसऱ्यांनी केलेली तयार कार्डं चालतील का?

उत्तर 1: चालतील. तरी अडलेल्या धड्याची स्वतःच कर. प्रश्न बनवतानाच निम्मं काम होतं.