जळगावात किमान वेतन वाढवा म्हणायचं, पण कुणाला? टिपणाच्या मसुद्यावर चर्चा

गिरणाकाठ
मंडळी, जळगाव शहरातलं किमान वेतन वाढवावं असं टिपण आम्ही काही जण तयार करतोय. पहिल्या मसुद्यात एकाने लिहिलं होतं, 'महापालिकेने शहरापुरता वेगळा दर जाहीर करावा.' ते वाक्य मी काढायला लावलं. अमेरिकेत सिएटल शहराने २०१४ मध्ये तासाला १५ डॉलरचा ठराव केला, कारण तिथे शहराला तो अधिकार आहे. आपल्याकडे दर राज्य सरकार ठरवतं. आधी १९४८ च्या किमान वेतन कायद्याने, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेने. जो अधिकार महापालिकेला नाहीच, तो तिच्याकडे मागितला तर टिपण फायलीत पडून राहील.

पण महापालिका स्वतः कामं ठेक्याने देते. तिथे तिचा शब्द चालतो. म्हणून माझ्या मते दोन मागण्या कराव्यात. राज्याकडे दरवाढ. आणि महापालिकेकडे निविदेतच अट: मजुरी बँक खात्यात, पावतीसह, आणि तिचा पुरावा जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पास नाही.

दर किती मागायचा, हा खरा कष्टाचा भाग. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचे निकष अजून पायाभूत मानतात. कुटुंबात तीन खाणारी एककं (कमावता, जोडीदार आणि दोन मुलं मिळून तीन धरतात), प्रत्येकी रोज २७०० कॅलरी, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीला २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी २५ टक्के जोडले. आम्ही हाच हिशोब इथल्या भावाने मांडतोय: दादर ज्वारी, तूरडाळ, तेल, मेहरूणकडच्या एका खोलीचं भाडं. हरकती असतील तर स्पष्ट सांगा.

दाणाबाजार
भाऊ, हरकत आहे आणि ती मनापासून आहे. माझी डाळगिरणी लहान आहे. तुरीचा भाव माझ्या हातात नाही, डाळीचाही नाही. मधल्या फरकात वीज, बारदान, हमाली, व्याज आणि मजुरी बसवायची. रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर, म्हणजे दुसरं राज्य आणि दुसरा दर. व्यापारी माल तिकडून उचलेल. एकदम वाढ लादली तर मोठे कारखाने तग धरतील, आमच्यासारखे मशीन घेतील. सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडायचं मशीन, आलं तेव्हा काय झालं ते पाहिलंच आहे. पूर्वी ओट्यावर बायांची रांग डाळ निवडायला बसायची. आज तिथे गोण्यांची थप्पी आहे.

निळी_ओढणी
दादा, त्या रांगेत माझी आई होती, म्हणून बोलते. बाया घरी गेल्या त्या पगार वाढला म्हणून नाही. त्यांचा पगार तेव्हा वाढलाच नव्हता, गोणीमागे मजुरी मिळायची. ते मशीन कॅमेऱ्याने काळा दाणा हेरतं आणि हवेच्या झोताने बाजूला उडवतं. आई फुकट निवडायला बसली असती तरी त्या वेगाशी तिला बरोबरी करता आली नसती. कमी मजुरी घेतली तर काम टिकेल, हे आम्हाला तेव्हाही सांगितलं होतं. मजुरी कमीच राहिली आणि कामही गेलं.

मी कपड्याच्या दुकानात आहे. सही एका आकड्यावर होते, हातात दुसरा पडतो. लग्नसराईत रात्री दहापर्यंत उभं राहायचं, आणि जादा तासांना दुप्पट दर असतो हे आमच्यापैकी कित्येकींना माहीतही नाही. आधी आहे तो दर मिळवून द्या. वाढीव दराचा कागद आम्हाला काय कामाचा?

खडूफळा
दाणाबाजार यांची भीती मी उडवून लावणार नाही, पण ती आपोआप खरी ठरते असंही नाही. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्ट फूडची दुकानं तपासली, तर न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. उलट सिएटलवर २०१७ मध्ये दोन विद्यापीठांचे अभ्यास आले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाला कमी पगारवाल्यांचे कामाचे तास घटलेले दिसले, बर्कलीच्या गटाला खानावळी-हॉटेलांत रोजगार घटल्याचं आढळलं नाही. टिपणात दोन्ही लिहा. सोयीचा तेवढाच अभ्यास दिला तर समोरचा अधिकारी दुसरा काढून दाखवेल.

आणि सिएटलने लहान मालकांना जास्त वर्षांची मुदत दिली होती, ते वगळू नका.

केळीबाग
शहरातले लोक शहराचंच बोलतात. रावेर-यावलकडे केळी कापायला, घड वाहायला आधीच माणूस मिळत नाही. शहरात दर चढला की उरलेला मजूर सकाळच्या गाडीने जळगावला. माझ्या केळीचा भाव रोज रावेर-बऱ्हाणपूरला फुटतो, त्याला खालची मर्यादा नाही. वादळात बाग आडवी झाली तरी मजुरी द्यायचीच. मजुराला हमी द्या, पण शेतकऱ्याला कोण देणार ते त्याच टिपणात लिहा.

निळी_ओढणी
केळीबाग भाऊ, माणूस मिळत नाही कारण तो सुरतला गेलाय. उधना, लिंबायतमध्ये आपल्या धुळे-नंदुरबारची, अमळनेर-पारोळ्याची किती घरं आहेत, विचारा. जळगावात मजुरी वाढली म्हणून ती गेली नाहीत, इथे भागत नव्हतं म्हणून गेली.

गिरणाकाठ
केळीबाग, भावाच्या हमीची तुमची मागणी रास्त आहे, पण ती या टिपणात घातली तर दोन्ही विषय अर्धवट राहतील. शेतमजुरीचा दरही राज्यच ठरवतं, तेवढा उल्लेख करतो.

दाणाबाजार, लहान युनिटना टप्प्याटप्प्याने वाढ हे मसुद्यात घालतो. पण मुदत संपण्याची तारीख त्यातच असेल. दर पाच वर्षांच्या आत तपासावेत असं कायदा सांगतो. तारीख नसली की मुदत लांबत जाते आणि तोवर महागाई मजुरी खाऊन टाकते.

दाणाबाजार
तारखेला माझा विरोध राहील. बऱ्हाणपूरच्या दराशी तुलना झाल्याशिवाय तारीख नको. निविदेच्या अटीला मात्र पाठिंबा आहे, कारण बुडवणारा ठेकेदार कमी बोली लावतो आणि सरळ माणूस मागे पडतो. राज्याने दराचा प्रस्ताव काढला तर हरकतींसाठी किमान दोन महिने मिळतात. तेव्हा मी लेखी हरकत घेणार, आत्ताच सांगून ठेवतो.

गिरणाकाठ
जरूर घ्या. तुमचा वीज-बारदानाचा हिशोब जोडा, आम्ही तो टिपणाच्या परिशिष्टात तुमचं म्हणणं म्हणून छापू.

निळी_ओढणी
बँक खात्याच्या अटीत एक भर घाला. माझी मावसबहीण ठेक्यावर झाडलोट करते. पगार खात्यात पूर्ण पडतो, पण एटीएम कार्ड मुकादमाकडे असतं. तो पैसे काढतो, त्यातले काही परत ठेवून घेतो आणि उरलेले तिच्या हातावर टेकवतो. बँकेच्या कागदावर सगळं बरोबर दिसतं. तिने कार्ड मागितलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई.

गिरणाकाठ
ताई, हे घालतोच. कार्ड आणि पासबुक कामगाराकडेच, दर तीन महिन्यांनी ठेकेदाराच्या माणसांना बाजूला ठेवून कामगारांची तोंडी चौकशी, आणि तक्रार केलेल्या बाईला ठेका संपेपर्यंत कामावरून काढता येणार नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरायची असते, म्हणजे इथे महापालिकेने. हे कलम मसुद्यात तळाशी होतं, ते आता पहिल्या पानावर घेतोय.