क्षेत्रसभा घ्या आणि चारचौघांत उत्तर द्या: नगरसेवकांकडून ही अपेक्षा जास्त आहे का?

सहकारनगरकर

पुणे महापालिकेची मुदत 14 मार्च 2022 ला संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक, मुख्य सभा तेच आणि स्थायी समितीही तेच. जानेवारी 2026 मध्ये एकदाची निवडणूक झाली. संपर्क कार्यालयं उघडली, व्हॉट्सअ‍ॅपवर प्रभागाचे ग्रुप सुरू झाले. दिवा बंद आहे, ड्रेनेज तुंबलंय, कचऱ्याची गाडी आली नाही. फोटो टाकला की 'नोंद घेतली' असं उत्तर येतं आणि बऱ्याचदा काम होतंही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं म्हणणं धोरणाच्या प्रश्नांबद्दल आहे. समान पाणीपुरवठा योजनेत बऱ्याच नळजोडांना मीटर बसले. उद्या पाण्याचं बिल मीटरवर यायचं ठरलं तर तुम्ही मुख्य सभेत कोणत्या बाजूने हात वर करणार? बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून जावा असं तुम्हाला वाटतं का? हे विचारलं की 'वरिष्ठांशी बोलून कळवतो'. दुसऱ्यांदा विचारलं की 'ग्रुपवर कृपया फक्त समस्या टाका'. म्हणजे खड्डा ही समस्या, आणि रस्ता कुठून न्यायचा ही समस्या नाही?

कायद्यात यावर उपाय आहे. 2009 पासून महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची सभा बोलवायची, कामं आणि अग्रक्रम त्यांच्यासमोर मांडायचे, सूचना घ्यायच्या. दोन वर्षांत चार सभा झाल्या नाहीत तर पद जाऊ शकतं इतकी कडक तरतूद आहे. तरी पुण्यात जाणकार सोडले तर हा शब्द कोणाला माहीत नाही. ग्रामसभा सगळ्यांना ठाऊक, क्षेत्रसभा कोणाला नाही.

मला वाटतं, लोकप्रतिनिधीचं अर्धं काम उत्तर देण्याचं आहे. तेही चारचौघांत, इतिवृत्तात नोंदवलं जाईल असं. केबिनमध्ये एकेकाला दिलेलं आश्वासन मी उत्तर मानत नाही.

जुना_कार्यकर्ता

तुमची तळमळ समजते, पण मुद्दा पटला नाही. मी बरीच वर्षं एका नगरसेवकाच्या कार्यालयात बसलो आहे, म्हणून सांगतो. सकाळी साडेआठला रांग लागते. एका बाईंना महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचं, म्हणजे उपचाराच्या खर्चाला मदत देणाऱ्या योजनेचं, पत्र हवं असतं, कारण नवरा रुग्णालयात दाखल आहे आणि तिथे आधी पैसे भरायला सांगितलेत. एकाला उत्पन्नाचा दाखला मिळत नाही. एकीच्या मुलाचं आरटीईच्या यादीत नाव आलंय आणि शाळा टोलवाटोलवी करतेय. या माणसांना केबिनच लागते हो. आजारपण आणि उत्पन्न माइकवर सांगायच्या गोष्टी आहेत का?

क्षेत्रसभेला कोण येणार? निवृत्त मंडळी आणि सोसायट्यांचे चेअरमन. दोन पाळ्या करणारी बाई येणार नाही. मग सभेत ठरलेले अग्रक्रम कोणाचे?

दुसरं असं की नगरसेवकाच्या हातात तुम्ही समजता तेवढं नाही. 1949 च्या अधिनियमानुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. नगरसेवकाच्या हातात 'स' यादीतला, म्हणजे अंदाजपत्रकात प्रभागातल्या कामांसाठी ठेवलेला, निधी आणि मुख्य सभेतलं एक मत. त्या मतावरही पक्षाचा व्हिप. 1986 च्या अनर्हता कायद्यानुसार व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. मग टेकडीवर त्याने जाहीर सांगायचं तरी काय?

सहकारनगरकर

केबिन बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. पत्र द्या, दाखला मिळवून द्या. पण पाच वर्षं फक्त दाखलेच दिले तर तुम्ही मतदारांचा प्रतिनिधी नाही, मदतनीस झालात. मदतनीसही हवा, पण त्यासाठी निवडणूक कशाला?

व्हिपचं म्हणाल तर, 'मला हा रस्ता पटत नाही, पण पक्षाचा आदेश आला म्हणून मी बाजूने मत दिलं' एवढं तरी सभेत सांगता येतं ना? व्हिप मतदानावर असतो, बोलण्यावर नाही.

खडकवासला_पट्टा

मी 2021 मध्ये समाविष्ट झालेल्या 23 गावांपैकी एका गावात राहते. 30 जून 2021 ला गाव महापालिकेत गेलं, ग्रामपंचायत संपली. आणि तेव्हापासून जानेवारी 2026 पर्यंत आमचं म्हणून निवडून आलेलं कोणीही नव्हतं. सरपंच गेले, नगरसेवक आलेच नाहीत. शहरात निदान 'माजी' तरी होते, आमच्याकडे तेही नाहीत.

जानेवारी 2025 मध्ये याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता, गिया बार्रे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडत होते. विहिरीच्या पाण्यावर संशय होता. त्या दिवसांत रोज नवीन पत्रकं यायची, पाणी उकळून प्या, पनीर खाऊ नका, अमुक टँकरचं घेऊ नका. आमचा प्रश्न साधा होता: गाव महापालिकेत घेतलंत, पाण्याचा कर आकारता, मग शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी आम्हाला केव्हा? हा धोरणाचा प्रश्न आहे. पत्रक काढणारा अधिकारी त्याचं उत्तर देऊ शकत नव्हता. आणि ज्याला विचारायचं तो माणूस अस्तित्वातच नव्हता.

जुना_कार्यकर्ता, तुम्ही म्हणता बायका सभेला येत नाहीत. आमच्या ग्रामसभेला यायच्या. देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकलेली असायची. ग्रामसेवक मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लागले की मागून हमखास आवाज यायचा, 'त्या पाइपलाइनचं काय झालं ते आधी वाचा.' मी स्वतः 14व्या वित्त आयोगाच्या पैशांचा हिशोब उभी राहून विचारला आहे. उत्तर नेहमी समाधानकारक होतं असं नाही, पण सरपंचांना सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागायचं. गाव शहर झालं आणि माझा तो हक्क गेला. क्षेत्रसभा हवी. नुसती हवी नाही, तातडीने हवी.

माणदेशी

ताई, तुमचं गाव भाग्यवान. बाकीकडे ग्रामसभेचं काय चाललंय ते सांगतो. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी असतील तेवढे लागतात. तेवढे जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग त्या तहकूब सभेत ओट्यावर बसलेल्या मोजक्या माणसांत सगळे ठराव मंजूर. काही गावांत शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि सह्या गोळा करतो. कागदावर ग्रामसभा दणक्यात झालेली असते.

म्हणून माझा कायद्याने लादलेल्या सभांवर विश्वास नाही. नगरसेवकाला पद वाचवायला चार सभा दाखवायच्या असतील तर तो दाखवेल. फोटो, बॅनर, वडापाव, राष्ट्रगीत. तुमचा टेकडीचा प्रश्न 'आयत्या वेळचे विषय'मध्ये जाईल आणि तोवर हॉलची वेळ संपलेली असेल.

खडकवासला_पट्टा

काही ठिकाणी वहीत खोट्या सह्या होतात म्हणून सभाच नको? मग मतदानही नको, तिथेही बोगस मतदान होतंच. तहकूब सभेचा खेळ चालतो कारण लोक विचारत नाहीत. आमच्याकडे विचारायचे.

पेठेतला_जुना

मी थोडं वेगळं मांडतो. खरं उत्तर सभेत मिळत नाही, मतपेटीत मिळतं. 40 टक्के सवलतीचंच घ्या. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत पुण्यात 1970 पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य सरकारने ती 2019 मध्ये बंद केली. नव्याने नोंद झालेल्या घरांना पूर्ण कर लागला. निवेदनं झाली, आंदोलनं झाली, सभाही झाल्या. पान हललं नाही. मार्च 2023 च्या सुरुवातीला कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल सत्ताधाऱ्यांच्या विरोधात गेला. त्याच महिन्यात सवलत परत देण्याची घोषणा झाली. आता तुम्हीच सांगा, लोकप्रतिनिधी कशाला उत्तर देतो?

सहकारनगरकर

हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. 2019 ते 2023 या काळात पुण्यातल्या किती आमदारांनी, किती नगरसेवकांनी लोकांसमोर उभं राहून सांगितलं की सवलत का गेली, आक्षेप नेमका काय होता, निर्णय महापालिकेच्या हातात आहे की मंत्रालयाच्या? प्रत्येक जण 'आम्ही पाठपुरावा करतोय' म्हणत होता. आक्षेप काय होता हे मला वर्तमानपत्रातून तुकड्यातुकड्याने कळलं.

आणि सवलत परत आली तीही कशी? ज्यांची घरं 1 एप्रिल 2019 नंतर नोंदली गेली त्यांनी पीटी-3 अर्ज भरायचा. सोबत आपण त्याच घरात राहतो याचा पुरावा, सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड असं काहीतरी. पेठ निरीक्षकाकडे तो जमा करायचा. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांना वाटलं सवलत आपोआप मिळेल, कारण टीव्हीवर घोषणा झाली होती. अर्ज भरायचाय हे कोणी सांगितलंच नाही. पोटनिवडणुकीने सवलत आणली असेल, समजावून सांगण्याचं काम निवडणूक करत नाही. ते माणसालाच करावं लागतं. शिवाय दर प्रश्नाला पोटनिवडणूक कुठून आणायची?

लेस्टरवाला

मूळचा कोथरूडचा, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. इथला खासदार ठरलेल्या दिवशी, बहुधा शुक्रवारी, मतदारसंघात लोकांना भेटतो. ती भेट केबिनसारखीच, एकेकाशी. पण धोरणाबद्दल पत्र पाठवलं तर लेखी उत्तर येतं, आणि त्यात तो कोणत्या बाजूने मत देणार, का देणार, हे बहुतेक वेळा असतं. अनेकदा ते पक्षाने तयार केलेल्या मजकुरावरूनच लिहिलेलं असतं, हेही खरं. तरी हातात कागद असतो. पुढच्या निवडणुकीत दाराशी आला की तो दाखवता येतो.

एक मोठा फरक मात्र आहे. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रेक्झिटवरून हुजूर पक्षाच्या 21 खासदारांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढलं, पण खासदारकी गेली नाही. आपल्याकडे 1985 च्या 52व्या घटनादुरुस्तीनंतर आमदार-खासदाराची ती सोय राहिली नाही. जुना_कार्यकर्ता यांचा तो मुद्दा मला वजनदार वाटतो. ज्याला स्वतःचं मत वापरता येत नाही त्याला तुमचं मत कशाला हवंय?

जुना_कार्यकर्ता

तेच म्हणतोय मी. आणि आणखी एक. प्रभाग चार सदस्यांचा आहे. समजा, दोन एका पक्षाचे, दोन दुसऱ्या. क्षेत्रसभा कोणी बोलवायची? पाण्याचं श्रेय चौघांना हवं, पाणी न आल्याचं उत्तर कोणालाच द्यायचं नाही. हे मी आतून पाहिलंय. लोक एकाकडे जातात, तो म्हणतो तो भाग मी बघत नाही, दुसऱ्याकडे जा. अशा रचनेत एकट्या नगरसेवकाला सभेत उभं करून झोडपण्यात काय अर्थ?

मला मनापासून भीती वाटते ती व्हिडिओची. नवीन मुलगी निवडून आलीय, महिला राखीव जागेवर, पहिल्यांदाच. सभेत कोणीतरी मोबाइल रोखून आडवातिडवा प्रश्न विचारतो, ती अडखळते, आणि संध्याकाळपर्यंत ती तीस सेकंदांची क्लिप सगळ्या शहरात. पुढच्या सभेत ती येईल का? आली तरी बोलेल का? नवऱ्याला पुढे करेल. मग तुम्हीच म्हणाल, बघा, कारभार नवराच करतो.

खडकवासला_पट्टा

हा मुद्दा मात्र खरा आहे. आमच्याकडे महिला सरपंच असताना असंच व्हायचं, उत्तर द्यायला पती पुढे. पण ते थांबलं कशामुळे माहितीये? सभेतच बायकांनी सांगितलं, 'तुम्ही बसा, ताईंना बोलू द्या.' पहिल्या सभेत त्या दोन वाक्यं बोलल्या. नंतर नंतर स्वतः आकडे सांगायच्या. बोलायची सवय सभेतच लागते, घरी बसून नाही लागत.

सहकारनगरकर

व्हिडिओबद्दल मी तडजोड करायला तयार आहे. चित्रीकरण नको, पण लेखी इतिवृत्त हवंच, आणि ते क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागायला हवं. चार सदस्यांबद्दल म्हणाल तर चौघांनी एकत्र बसावं. वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर अधिकच चांगलं, एकाच प्रश्नावर चार उत्तरं लोकांना शेजारी शेजारी ऐकायला मिळतील.

आम्ही काही जण प्रभागातल्या चौघांनाही पत्र देतोय. विषय तीनच ठेवलेत. पाण्याचं बिल मीटरवर येणार का, आणि आल्यास तुमची भूमिका काय. 'स' यादीतला या वर्षीचा निधी कशावर खर्च करायचा, बाकं आणि कमानी सोडून. आणि टेकडी. पहिल्या सभेला सोसायटीचा हॉल द्यायला आमचे चेअरमन तयार आहेत.

माणदेशी

पत्र द्या, पोच घ्या, आणि त्या पोचेवर तारीख आहे का बघा. सभा होईल की नाही याबद्दल माझी शंका कायम आहे.

जुना_कार्यकर्ता

सोसायटीचा हॉल? तिथे गेटवर रखवालदार नाव लिहून घेतो, वस्तीतला माणूस आत पाय ठेवणार नाही. सभा घ्यायचीच असेल तर वस्तीतल्या समाजमंदिरात घ्या, रविवारी संध्याकाळी सातनंतर, धुणीभांडी उरकून बायका घरी आल्यावर. आणि पत्रात चौथा विषय घाला: शहरी गरीब योजनेची उत्पन्न मर्यादा. तो विषय घातलात तर लोकांना बोलवायचं काम मी करतो. टेकडीवर मात्र आपलं जमणार नाही, मला तो रस्ता हवाय.