भिगवण: होडीतून फ्लेमिंगोचे फोटो पांढरेफटक आणि ब्लर येतात

रानवाट:
भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाण्यात, कुंभारगावच्या बाजूने होडीतून फ्लेमिंगो टिपते. लेन्स १५०-६०० मिमी, ॲपर्चर प्रायॉरिटी (शटरचा वेग कॅमेराच ठरवतो), एफ/६.३, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००. पिसांचं टेक्स्चर उडून नुसता पांढरा डाग उरतो आणि ६०० वर डोळा शार्प येत नाही. होडीत ट्रायपॉड लावला तर आणखीच बिघडतं. फेब्रुवारीत पुन्हा जायचंय, काय बदलू?

शेकाट्या:
ताई, ट्रायपॉड घरीच ठेवा. इंजिनाची थरथर फळीतून त्याच्या पायांत आणि तिथून थेट लेन्समध्ये चढते. नावाडीदादांना लांबूनच इंजिन बंद करायला सांगा, पुढे बांबूने रेटत जायचं. फळीवर बसू नका, होडीच्या तळाशी बसा आणि काठावर बीनबॅग टाकून लेन्स टेकवा. लेन्स पाण्याच्या जवळ आली की मागचं सगळं आपोआप विरघळतं.
खरा घोळ मात्र आयएसओ ४०० चा. कोवळ्या उन्हात शटर १/३०० सेकंदाच्या आसपास घसरतं. डुलत्या होडीत ६०० वर ते कसं चालणार? उभ्या पक्ष्याला किमान १/१६००, उडत्याला १/२५००. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ३२००. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर काढता येतो, हललेला फोटो नाही.

पाणकावळा:
पांढऱ्या डागाबद्दल. चौकटीत बहुतेक गडद पाणी असतं, कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर ते उजळवायला जातो आणि पक्षी जळतो, म्हणजे पांढराफटक होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-गडद हवा ते) −०.७ पासून सुरू करा, हायलाइट अलर्ट (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) चालू ठेवा, पाठीवर लुकलुकलं की −१. फाइल रॉच (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) हवी. थवा उडून मागे आकाश आलं की गणित उलटं: +०.७ ते +१, नाहीतर पंखांखालचा गुलाबी रंग मातकट होतो. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही, ते आधी तपासा.

रानवाट:
पण नऊनंतरचे फोटो १/२००० ला सुद्धा मऊच आहेत.

शेकाट्या:
ती हवा. ऊन चढलं की पाण्यावरचे थर थरथरतात, त्यावर कुठलीही महाग लेन्स चालत नाही. उजाडताच पाण्यात असा. नंतर फक्त जवळचे शेकाटे, नदी सुरय असे पक्षी टिपा.

पाणकावळा:
अंतर कमी करायच्या मोहात मात्र पडू नका. चरणारा फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी धरतो. माना वर होऊन सगळे एकाच दिशेला चालू लागले की होडी तिथेच थांबवायची. पुढे रेटली तर पाण्यावरून धावत उठतील आणि फोटोत फक्त पाठी येतील. कुरव पक्ष्यांना फरसाण टाकून थवा जमवतात, तेही नको म्हणून नावाड्याला सांगा.
निघण्याआधी नावाड्याला फोन करून उजनीची पातळी विचारा. धरण तुडुंब असेल तर उथळ चिखल उघडा पडत नाही आणि थवे उशिरा येतात. आणि लाइफ जॅकेट आधी चढवा, कॅमेऱ्याचा पट्टा त्यावरून. उलटं केलंत तर ऐन वेळी पट्टा आत अडकतो.