मदत हवी आहे : १९३७ चा भायखळा-परळ मतदारसंघ

नमस्कार मंडळी. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेसाठी १९३७ मध्ये निवडणूक झाली. त्यातल्या मुंबई शहराच्या 'भायखळा आणि परळ' मतदारसंघाची माहिती जमवतोय. याच मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांनीच स्थापलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारे थोर फिरकी गोलंदाज! ज्या बाळूंचा बाबासाहेबांना अभिमान होता, त्यांच्याशीच ही लढत व्हावी याची मला फार हळहळ वाटते.

पुणे करारानंतर प्रांतात दलितांसाठी १५ राखीव जागा होत्या, पण मतदान संयुक्त, म्हणजे दलित आणि सवर्ण हिंदू मतदारांचं एकत्र. शिवाय मुंबई प्रांतात बहुसदस्यीय मतदारसंघातला मतदार आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. स्वतंत्र मजूर पक्षाने याचा प्रचार चाळीचाळीतून कसा केला, हे मला समजून घ्यायचंय.

मुख्य अडचण हद्दीची आहे. नायगाव, लालबाग, माझगाव यांपैकी कोणते भाग यात होते? मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर होता, मग गिरणी कामगारांपैकी कितीजणांना मत देता आलं? एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात नेमकी कोणत्या खात्याची दप्तरं मागावीत? कुणाच्या घरी त्या वेळची मतदारयादी, प्रचारपत्रक किंवा आजी-आजोबांनी सांगितलेली आठवण असेल, तर कृपया इथेच लिहा.