'डम्ब टर्मिनल'ला मुके म्हणावे की मठ्ठ?

कळफलक: पडद्याच्या पहिल्या टर्मिनलांविषयीचा मजकूर मराठीत आणतोय. 'डम्ब टर्मिनल' म्हणजे स्वतः काही न करता मुख्य संगणकाने पाठवलेले नुसते दाखवणारा पडदा-कळफलक; इंग्रजी 'डम्ब'चे अर्थ दोन, मुका आणि मठ्ठ. मी 'मुके टर्मिनल' लिहिले, संपादकांनी 'बिनडोक' केले. दोन्ही खटकतात.

शिफ्ट_रजिस्टर: 'मुके' साफ चूक. कोड ७ पाठवला की घंटी वाजते, मग मुके कसले? १९६९ चे डेटापॉइंट ३३०० टर्मिनल घ्या. २५ ओळी, ७२ रकाने, अक्षरे फक्त कॅपिटल, साठवण शिफ्ट रजिस्टरांत, म्हणजे बिट एकेक घर पुढे सरकवणाऱ्या सर्किटांत. टेलिटाइप (टीटीवाय) मॉडेल ३३ या तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रातला कागद काढून काच बसवायची, एवढाच हेतू. म्हणून तर 'ग्लास टीटीवाय'. 'काचटंक' म्हणा.

वाकडीतिकडी: काचटंक! उद्या टीव्हीला काचपेटी म्हणाल. 'द डम्ब टर्मिनल' हे लिअर सीगलर कंपनीने आपल्या एडीएम-३ टर्मिनल मालिकेच्या जाहिरातीत मिरवलेले नाव. विशेषनामाचे भाषांतर कशाला?

शुद्धमती: मूळ लॅटिन 'टर्मिनस', म्हणजे हद्द. मराठीत सरळ 'टोक'.

शिफ्ट_रजिस्टर: आणि आयबीएम ३२७० ला काय म्हणाल? १९७१ चे. त्यातल्या ३२७७ टर्मिनलच्या मोठ्या पडद्यावर २४ गुणिले ८०, म्हणजे १९२० अक्षरे. फॉर्म जागेवरच भरायचा, एंटर दाबेपर्यंत मुख्य यंत्राला पत्ता नाही. हे मठ्ठ की शहाणे? प्रत्येक फील्डचा, म्हणजे फॉर्मातल्या रकान्याचा, गुणधर्म सांगणारा बाइट पडद्यावरचे एक घर खातो. फील्डच्या आधी रिकामी जागा सोडली नाही, तर लेबलाचे शेवटचे अक्षर गायब.

वाकडीतिकडी: त्यापेक्षा डेक कंपनीचे व्हीटी०५ टर्मिनल जास्त छळायचे. १९७०, २० ओळी, ७२ रकाने. लाइन फीडनंतर, म्हणजे नव्या ओळीच्या संकेतानंतर, पडदा सरकवायला त्याला वेळ लागे. तेवढ्यात पुढची अक्षरे आली की हरवलीच. म्हणून मध्ये 'नल', म्हणजे काहीच न छापणारी अक्षरे, भरायची: ६०० बॉड वेगाला एक, १२०० ला दोन, २४०० ला चार. कुठलाही वेग घ्या, हिशेब सुमारे १७ मिलिसेकंद, म्हणजे ६० हर्ट्झची एक फ्रेम. ३०० ला एकेक अक्षरच ३३ मिलिसेकंद घेते, तिथे काहीच नको.

शुद्धमती: 'नल' दमयंतीचा. 'शून्याक्षर' लिहा. आणि २४०० बॉड नव्हे, बिट प्रति सेकंद.

वाकडीतिकडी: टर्मिनलच्या सिरियल तारेवर दोन्ही एकच. फरक टेलिफोन तारेवरून डेटा पाठवणाऱ्या मोडेममध्ये पडतो. बेल २१२ए मोडेम सेकंदाला १२०० बिट पाठवतो ते ६०० बॉडवर, दर ठोक्याला दोन बिट.

शुद्धमती: 'ठोका' छान आहे. बॉडला तोच घ्या.

शिफ्ट_रजिस्टर: ठोका घड्याळाचा असतो. बॉड म्हणजे तारेवरचे दर सेकंदाचे बदल.