एशियाड 82 ची नाणी: साडेचार लाख की साडेचार रुपये?

मृद्गंध_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांचं कपाट आवरताना दूध पावडरीच्या डब्यात नाणी सापडली. ते बँकेत रोखपाल होते, त्यामुळे नाण्यांचं नवल नाही, पण ही सगळी एशियाड 1982 ची आहेत. दोन रुपयांची सात-आठ, पंचवीस पैशांची मूठभर, दहा पैशांची दोन आणि एक भलंमोठं, जड, त्यावर 100 लिहिलंय. एका जाहिरातीतल्या नंबरवर फोटो पाठवले. ते लोक दोन रुपयांच्या एका नाण्याला साडेचार लाख देतो म्हणतात, फक्त आधी ‘नोंदणी फी’ भरायची. नवरा फी भरायला निघालाच होता, मी थांबवलंय. ही नाणी खरंच इतकी दुर्मीळ आहेत का?

पावशेर:
फी अजिबात भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कुणाकडून शुल्कही घेत नाही. यजमानांना पंख्याखाली बसवा.

जुना_गिरगावकर:
ताई, आधी तो नंबर ब्लॉक करा, मग पुढचं वाचा.

नोव्हेंबर-डिसेंबर 1982 मध्ये दिल्लीला नववे आशियाई खेळ झाले. त्यासाठी सरकारने पाच नाणी काढली: 10 पैसे, 25 पैसे, 2 रुपये, 10 रुपये आणि 100 रुपये. पहिली तीन बाजारात फिरली. दहा आणि शंभरची मात्र हौशी लोकांसाठीच होती. म्हणजे बाकीची नाणी तुमच्या सासऱ्यांनी काउंटरवर स्वतःच्या खिशातले पैसे टाकून बदलून घेतली असतील, पण शंभरचं त्यांनी मुद्दाम मिळवलंय. रोखपालाच्या पगारात तेव्हा शंभर रुपये म्हणजे काय, हे आमच्या पिढीला विचारा.

दोन रुपयांचं गोल नाणं तांबं-निकेलचं, 8 ग्रॅमचं. दोन रुपयांची नाणी आपल्याकडे आलीच 1982 साली, तोवर नोट होती. पण भरपूर पाडली गेली. झिजलेलं असेल तर एका नाण्यात दोन-चार वडापाव येतील, त्यापलीकडे नाही. टाकसाळीतून आल्यासारखं कोरं असेल तर जरा बरा भाव.

खरा माल शंभरचा. 35 ग्रॅम, 44 मिलिमीटर. निम्मी चांदी, 40 टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी हातात आहे, त्या चांदीचा आजचा भाव हा तुमचा तळ समजा. संग्राहक त्याच्या वर देतो. मात्र या नाण्याच्या नकला फिरतात. ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवा. वजनात ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक आला तर मला शंका येईल. मूळ डबी किंवा पाकीट असेल तर फेकू नका, त्यालाही किंमत असते.

सालाखाली भिंगातून बघा. पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबईची टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कलकत्ता. इंग्रजी ‘बी’ दिसला तर मुंबईचंच, पण आरशासारखं चकाकणारं खास ‘प्रूफ’ नाणं. तसं असेल तर उघड्या बोटांनी धरूच नका.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर काहीही लावू नका! आमच्या एका नातेवाइकांनी पाडव्याला पूजेसाठी म्हणून चांदीची नाणी लख्ख घासली. व्यापाऱ्याने ती हातात घेऊन सरळ वजनावर मोजली.

अवांतर: नाण्यावरचं बोधचिन्ह मला फार आवडतं. जंतरमंतरचं मिश्रयंत्र आणि सूर्य. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या नाण्यांना त्याची सर नाही, हे माझं मत, भांडायला या. आणि नाण्यांवर दिल्ली असली तरी शिडाच्या होड्यांच्या शर्यती तेव्हा आमच्या मुंबईच्या समुद्रात झाल्या. फायरबॉल वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण घेतलं. बाकी सगळ्यांना आठवतं ते हॉकीत पाकिस्तानने घातलेले सात गोल.

चिल्लरपार्टी:
माहितीपूर्ण. पंचवीस पैशांची बँकेत बदलून मिळतील का?

जुना_गिरगावकर:
नाही. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद. दोन रुपयांचं अजून चालतं, पण किराणावाला ते उलटंपालटं करून बघेल आणि परत देईल.

मृद्गंध_कोल्हापूर:
सर्वांचे आभार. सराफाकडे जाऊन आले. वजन बरोबर 35 भरलं, सालाखाली चौकट आहे. सासूबाई म्हणाल्या, मुंबईच्या साहेबांकडून मागवलं होतं आणि त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. विकायचं नाही असं त्यांनीच ठरवलंय. आता एकच सांगा, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं तर चालेल ना?

जुना_गिरगावकर:
मऊ प्लास्टिक नको! त्यातलं पीव्हीसी काही वर्षांनी चिकट हिरवा थर सोडतं. नाण्यांच्या दुकानात गोल कडक कॅप्सूल मिळते. 44 मिलिमीटरचीच मागा, सैल घेतलीत तर नाणं आत खुळखुळून कडा घासतात.