घरचा पहिला टोमॅटो: बूड काळे का पडले आणि तोडावा कधी?

गॅलरीतली बाग, पुणे

गणपती उठल्यावर मी रोपवाटिकेतून टोमॅटोची तीन रोपे आणली आणि जुन्या बादल्यांना खाली भोके पाडून त्यांत लावली. गॅलरी पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचे पाचेक तास चांगले ऊन मिळते. ऑक्टोबरात आलेली सगळी फुले देठासकट गळून पडली, तेव्हा मी आशा सोडली होती. परंतु महिना संपता संपता फळे धरली आणि आज, डिसेंबरच्या मध्यावर, पहिल्या घोसातल्या एका टोमॅटोला तांबूस रंग येऊ लागला आहे. त्याच घोसातली दोन फळे मात्र खालून काळी, चपटी आणि चामड्यासारखी झाली. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी अंड्यांच्या टरफलांची पूड घातली, पण त्याचा काहीही परिणाम दिसला नाही. हा रोग आहे का, आणि तो बाकीच्या फळांना लागेल का?

दुसरा प्रश्न घरगुती वादाचा आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की फळ अर्धे रंगले की तोडावे, नाहीतर ते बुलबुलाच्या पोटात जाईल. यजमानांचे म्हणणे असे की झाडावर पूर्ण पिकू द्यायचे नसेल तर मंडईतला टोमॅटो काय वाईट होता? शिवाय या फळाचे बी धरून ठेवावे का, हेही कळवावे.

परसबाग, सांगली

हा रोग नाही, त्यामुळे तो एका फळावरून दुसऱ्यावर जात नाही. फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्यामुळे तेथील पेशी मरतात आणि तो भाग काळा पडतो. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर चढते आणि जिकडे पाण्याची ओढ जास्त तिकडे, म्हणजे मुख्यतः पानांकडे जाते. फळातून बाष्प फारसे बाहेर पडत नसल्याने त्याच्या वाट्याला आधीच थोडे येते, आणि बूड देठापासून सर्वांत दूर असते. माती एकदा सुकून मग एकदम चिंब झाली की हा पुरवठा खंडित होतो. डाग दिसतो तेव्हा मूळ कारण दोन-तीन आठवडे मागे घडून गेलेले असते. म्हणूनच विचारतो, दिवाळीत आपण गावाला गेला होता का?

अंड्याच्या टरफलांनी अपाय होणार नाही, पण ती मातीत विरायला कित्येक महिने लागतात, तोवर आपले झाड संपलेले असेल. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसे असते, उणीव असते ती पाण्याच्या सातत्याची. रोज बोट दोन पेरे मातीत घालून ओल पाहावी, मातीवर वाळक्या पानांचा चार बोटे थर द्यावा आणि युरियासारखे नत्राचे खत सध्या थांबवावे, कारण पाला जितका माजेल तितकी फळाची उपासमार वाढते. काळी पडलेली फळे काढून टाकावीत. पुढचे घोस बहुधा स्वच्छ येतील.

फुले गळाली ती ऑक्टोबरच्या उकाड्यामुळे. दिवसाचा पारा ३५ अंशांकडे गेला आणि रात्रीही गारवा उतरला नाही की पराग निकामी होतात. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण पराग सुटायला हलका धक्का लागतो, आणि बंद गॅलरीत तो धक्का देणारा वारा नसतो. सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या देठावर बोटाने टिचकी मारत जावे.

तोडणीवाला, जुन्नर

ताई, वादात सासूबाईंची बाजू बळकट आहे. नारायणगावच्या बाजाराला माल पाठवणाऱ्या आमच्यासारख्यांचे सगळे गणित तोड्याच्या वेळेवर अवलंबून असते. बुडाशी पिवळसर-तांबूस छटा फुटली की फळ स्वतःच इथिलीन वायू तयार करू लागते आणि त्यापुढे झाडावाचूनही पिकते. त्याला उन्हाचीही गरज नसते. हवी असते ती २० ते २५ अंशांची ऊब. डिसेंबरात रात्रीचा पारा बराच उतरतो, त्यामुळे झाडावरचे फळ दहा-दहा दिवस तसेच अर्धवट राहते, आणि तेवढ्यात बुलबुल येऊन एक चोच मारून जातो. संपूर्ण फळ त्याने खाल्ले असते तरी एवढे वाईट वाटले नसते.

तरीही यजमानांचे अगदीच चुकले असे नाही. मंडईतला टोमॅटो बेचव लागतो तो मुख्यतः हिरवा असताना तोडल्यामुळे. निम्म्याहून अधिक रंग चढू द्या, मग देठासकट तोडून स्वयंपाकघरात देठाची बाजू खाली करून ठेवा. तीन-चार दिवसांत तो पुरता लाल होईल. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. १२ अंशांखाली पिकणे थांबते आणि वास निघून जातो, आणि वास गेला की उरते ते आंबट पाणी.

बियाबद्दल एवढेच, की रोपवाटिकेतले रोप बहुधा संकरित असते आणि त्याचे बी आईसारखे निघत नाही. बी धरायचे असेल तर पुढच्या वेळी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री किंवा भाग्यश्री यांसारखे सरळ वाण लावा.

सार-भात, ठाणे

तोडण्याची चर्चा झाली, आता खाण्याविषयी. पहिल्या टोमॅटोचे सार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साराला घोसच्या घोस लागतात, आणि हिंग-जिऱ्याच्या फोडणीत व नारळाच्या दुधात घरचे फळ कोणते हे कोणालाच ओळखता येत नाही. पहिला टोमॅटो धारदार सुरीने आडवा कापावा, चकत्यांवर मीठ भुरभुरावे आणि पाच मिनिटे थांबावे. ताटलीत जो रस सुटतो तो पोळीच्या तुकड्याने टिपून घ्यावा. तो कोणाला मिळावा हे मात्र आधी ठरवून ठेवावे.

वाऱ्याने पडलेली हिरवी फळे फेकू नयेत. त्यांच्या फोडी तेलात हिरव्या मिरचीबरोबर परताव्यात आणि भाजलेले तीळ, गूळ व मीठ घालून जाडसर वाटाव्यात. भाकरीबरोबर ही चटणी लाल टोमॅटोच्या कोणत्याही पदार्थाला मागे टाकते.

गॅलरीतली बाग, पुणे

सर्वांचे आभार. दिवाळीत आम्ही चार दिवस कोल्हापूरला होतो, तेव्हा फळे सुपारीएवढी होती आणि परत आल्यावर मी एकेका रोपाला बादलीभर पाणी ओतले होते, त्यामुळे काळ्या बुडाचा उलगडा झाला. काल पाऊण रंगलेला टोमॅटो तोडून ओट्यावर ठेवला आहे. देठ खुडताना बोटांना जो हिरवट, उग्र वास आणि पिवळट डाग लागला, तो साबणानेही पूर्ण गेलेला नाही. सासूबाईंनी त्या टोमॅटोवर वाटी उपडी घातली आहे, कारण यजमान सकाळपासून दोनदा तो दाबून पाहून गेले.